तुम्ही क्षमा केलीत, मला विचारलं नाहीत

अहो,

तुम्हाला घाटमाथ्यावरच्या दफनभूमीत ठेवून आम्ही खाली उतरलो, त्याला अजून पुरता आठवडाही झालेला नाही. पोलादपुरात आपल्या ख्रिस्ती माणसांना पुरायला जागा नाही, म्हणून तुम्हाला वर न्यावं लागलं. रस्त्याच्या कामावरचाच ट्रक मिळाला. आंबेनळी घाटाच्या ज्या वळणांवर तुम्ही एके काळी दरडी उपसल्यात, त्याच वळणांवरून तुमची पेटी हळूहळू वर चढली. तुमच्या टोळीतला लिंबाजी पेटीला टेकून बसला होता. वळण आलं की तो तिच्यावर हात ठेवायचा आणि वळण संपलं की काढून घ्यायचा. आपली सारा माझ्या शेजारी होती.

तेव्हापासून माणसं येताहेत. ओट्यावर बसतात, पाणी पितात आणि सगळी एकच बोलतात, "दानीएल मेस्त्री म्हणजे देवमाणूस. स्वभावच शांत." पाळकसाहेबही मातीच्या वेळी तेच म्हणाले. मी मान हलवते. आलेल्या माणसाशी वाद कशाला? पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? तुमचा स्वभाव शांत नव्हता.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी, तिकडे नगरला, भाकरी करपली म्हणून तुम्ही ताट उंबऱ्याबाहेर भिरकावलं होतं. थोरल्या भाऊजींशी बैलावरून जुंपली तेव्हा तुम्हाला आवरायला चौघे लागले. राग चढला की आधी तुमची मान लाल व्हायची, मग कानाच्या पाळ्या. पुढे तुम्ही पवित्र शास्त्र मनावर घेतलंत, तरी मान लाल व्हायची ती व्हायचीच. फक्त तुम्ही काही न बोलता कुऱ्हाड उचलायचात आणि घरामागे जाऊन लाकडं फोडत बसायचात. इथल्या बायका मला म्हणायच्या, "तुमच्याकडं जळनाला कदी तोटा नाय गो!" ते जळण कशातून निघायचं हे मला एकटीला माहीत होतं. लोकांनी तुमचा शांतपणा पाहिला. मी त्यासाठी तुमचा जीव कसा घुसळून निघायचा ते पाहिलं. म्हणून तुम्हाला कुणी जन्माचेच शांत म्हणालं की मला तुमचे कष्ट कुणीतरी पुसून टाकल्यासारखे वाटतात.

टोळीचे मुकादम म्हणून तुम्हाला इकडे पाठवलं तेव्हा सारा अजून कडेवर होती. घाटाच्या पायथ्याला, रस्त्याच्या कडेला आपली पत्र्याची खोली. खाली उतारावर वाडी, आणि वाडीच्या वरच्या अंगाला झरा. पाण्यावरून काय होऊ शकतं हे महाडच्या मुलखाला कुणी सांगायला नको. मी हंडा घेऊन गेले की बायका बाजूला व्हायच्या. एके दिवशी एकीने माझा हंडा पायाने सरकवला आणि म्हणाली, "बाटग्यांनी आदी पानी भरायचं नाय."

मी घरी येऊन फणफणले. तुम्ही म्हणालात, "उद्या जरा उशिरा जा. सगळ्यांचं झाल्यावर."

"ह्याला तुम्ही शांती म्हणता?" मी विचारलं. "मी ह्याला माघार म्हणते."

तुमची मान लाल झाली. तुम्ही मागे गेलात, कुऱ्हाडीचे आवाज येत राहिले. सकाळी मात्र माझ्या हातातला हंडा स्वतः घेतलात आणि माझ्याबरोबर झऱ्यावर आलात. तिथे आवडाबाय होती, वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई. तिच्या शब्दापुढे वाडीत कुणी जात नसे. तुम्ही तिला नमस्कार केलात आणि विचारलंत, "आवडाबाय, माझ्या बायकोनं पाणी कुठून भरायचं आणि कधी भरायचं, ते तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तसं करू."

आवाजात राग नव्हता, काकुळतीही नव्हती. म्हातारीने तुमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कडेवरच्या साराकडे पाहिलं. मग बाकीच्या बायकांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "भरू दे की. कोन नाय म्हनतंय? भर गो तू."

परत येताना तुम्ही म्हणालात, "रूथ, काल तुझं बरोबर होतं. नुसतं मागं सरणं म्हणजे शांती नाही." नवऱ्याने बायकोला असं म्हटल्याचं मी आमच्या घराण्यात कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मला वाटलं, ह्या माणसाबरोबर कुठल्याही मुलखात राहता येईल.

मग तो पावसाळा आला, महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीचा. लावण्या नुकत्याच आटोपल्या होत्या. घाटात दरड आली आणि रस्ता बंद झाला. दोन्हीकडे गाड्या अडकून पडल्या. रस्ता ताबडतोब मोकळा करा, असा वरून हुकूम होता. राडारोडा लांब नेऊन टाकायला वेळ नव्हता, म्हणून तुम्ही टोळीला शेजारच्या ओढ्यात लोटायला सांगितलंत. रस्ता मोकळा झाला. गाड्यावाले खूष झाले, साहेबही खूष. त्यानंतर पाऊस असा कोसळला की ओढ्याने तो सगळा दगडमातीचा ढीग उचलून खाली नेला आणि एका खाचरात ओतला. कोवळं भात दगडांखाली गेलं. खाचर होतं बाळकूचं. बाळकू म्हणजे आवडाबायचा मुलगा.

पुढचं मी पाहिलेलं नाही. लिंबाजीने सांगितलं तसं सांगते. बाळकू ओलाचिंब होऊन रस्त्यावर चढून आला आणि ओरडायला लागला, "कोनी टाकला हा राडा? कोनी टाकला रे? माज्या पोरांनी काय दगुड खायचे काय?"

तुम्ही पुढे झालात. "मी टाकायला सांगितला, बाळकू. चल, मी खाली येतो बघायला."

"बघून काय करनार तू? बाटग्या, तुला काय त्याचं!" असं म्हणत त्याने पायाजवळचा दगड उचलला आणि फेकला. तो तुमच्या डाव्या डोळ्यावर बसला.

तुमची माणसं आपल्याकडची, घाटावरची. मुकादमाचं रक्त पाहिल्यावर ती कशी थांबतील? पहारी उचलल्या गेल्या. बाळकू उतारावरून वाडीकडे पळाला आणि टोळी त्याच्यामागे निघाली. तेव्हा तुम्ही एक हात डोळ्यावर दाबून धरलात, धडपडत पुढे गेलात आणि वाडीकडे उतरणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी आडवे बसलात. पाऊस पडत होता. लिंबाजी सांगतो, तुमच्या बोटांमधून रक्त वाहत होतं आणि तुम्ही म्हणत होतात, "ज्याला खाली जायचंय त्यानं माझ्यावर पाय देऊन जावं."

कुणी पाय दिला नाही. पहारी खाली ठेवल्या गेल्या. त्या दिवशी वाडीत कुणाचा जीव गेला नाही तो ह्यामुळे. मी हे कधीच नाकारलं नाही, आजही नाकारत नाही. तुमच्या त्या बसण्यापुढे मी तेव्हाही मनातून हात जोडले होते, तुम्हाला कळू दिलं नाही एवढंच.

पण डोळा गेला. महाडच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि मान हलवली. तुम्हाला घरी आणल्यावर फौजदार आले. खाटेशेजारच्या खुर्चीवर बसून त्यांनी विचारलं, "कोणी मारलं?"

तुम्ही म्हणालात, "मला माहीत आहे, साहेब. पण मी सांगणार नाही."

"का? भीती वाटते?"

"नाही. राडा मी टाकला होता. त्याचं वर्षाचं पीक गेलं. आता त्याला आत टाकलात तर त्याचं घरही जाईल."

फौजदार चिडले. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत होतं. नाव ओठांपर्यंत आलं होतं. तुम्ही उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलंत. मी म्हणाले, "ते सांगत नाहीत, तर मी काय सांगू?" फौजदार निघून गेले, आणि आपल्यातलं ते भांडण सुरू झालं, जे आजतागायत मिटलेलं नाही.

पट्टी पूर्ण सुटायच्या आधीच तुम्ही घमेलं घेऊन बाळकूच्या खाचरात उतरलात. मी मागोमाग आले होते, तुम्ही पडाल ह्या भीतीने. बांधावर बाळकू उभा होता.

"मला तुजा उपकार नको," तो म्हणाला.

तुम्ही वाकून दगड घमेल्यात टाकत म्हणालात, "उपकार नाही. राडा मी टाकला, मी उचलतोय. आणि दगड तू मारलास, ते तू वाईट केलंस. दोन्ही खरं आहे, बाळकू. माझं मी उचलतो, तुझं तू बघ."

तो तसाच उभा राहिला. पहिले काही दिवस नुसता उभा राहायचा. रविवारी घरातली उपासना झाल्यावर लिंबाजी आणि बाकीचे चौघेपाच तुमच्या मदतीला आले. तुम्ही त्यांना बोलावलं नव्हतं. आवडाबायने सगळ्यांना पेज आणून दिली. शेवटी एकदा बाळकूही खाचरात उतरला आणि त्याने तुमच्या घमेल्याचा दुसरा कान धरला. बांधावरून मी ते पाहिलं. चांगलंच होतं ते. तरी मला त्याचा आनंद झाला नाही. मनात आलं, ह्या दोघांचं जुळलं. मग मी कुठे?

कारण तो डोळा एकट्या तुमचा नव्हता हो. एका डोळ्याच्या माणसाला कड्याच्या तोंडाशी कोण उभं करणार? तुमची मुकादमी गेली. घाटाखालच्या फाटकावर बसवलं तुम्हाला, गाड्या सोडायला. पायरी उतरताना तुमचा पाय चुकायचा. ताटातली वाटी तुम्हाला दिसायची नाही. मी तुमच्या डाव्या अंगाने चालायला शिकले. तुम्ही कामावर गेलात की संध्याकाळी पावलं वाजेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. साराला शाळेत पोरं "काण्याची पोर" म्हणायची. ती रडत घरी यायची आणि तिला जवळ मी घ्यायची.

दिवेलागणीला आपण प्रार्थनेला बसत असू. तुम्ही पाळकांसाठी, टोळीसाठी, घाटातल्या गाड्यांसाठी प्रार्थना करायचात आणि मग न चुकता म्हणायचात, "प्रभू, बाळकूला आणि त्याच्या लेकरांना सांभाळ." इतर सगळ्याला मी आमेन म्हणायची. ह्याला म्हणत नसे. तुम्ही क्षणभर थांबायचात. मग तुम्ही पुढे जायचात. वर्षानुवर्षं तुम्ही रोज तसे थांबलात, आणि कधी एका शब्दाने मला टोचलं नाहीत. तुमच्या साऱ्या सहनशीलतेत ही मला सर्वांत मोठी वाटते. बाळकूला सहन करणं त्या मानाने सोपं असेल. तो घरात राहत नव्हता.

साराच्या लग्नानंतर घर रिकामं झालं तेव्हा मी एकदाचं बोलले. तुम्ही दाढी करत होतात, मी आरसा धरला होता. मी म्हणाले, "तुम्ही क्षमा केलीत. मला विचारलं नाहीत."

तुमचा हात थांबला. मला वाटलं, आता शास्त्रातलं काहीतरी ऐकवाल. तुम्ही आरशातच पाहत म्हणालात, "खरंय. विचारायला हवं होतं. डोक्यात एकच होतं, कुणाचा खून पडू नये. तो टळला, आणि मग मला वाटलं सगळंच मिटलं. तुझं मिटलंय का, हे मी पाहिलंच नाही." मग हळूच म्हणालात, "आता विचारतो."

मी म्हणाले, "आता नाही."

"बरं," तुम्ही म्हणालात, आणि उरलेली दाढी केलीत.

पुन्हा विचारलं नाहीत. मी वाट पाहत होते की नव्हते, मला सांगता येत नाही. शेवटच्या तापात तुम्ही माझा हात धरून "रूथ, ते आपलं..." एवढं म्हणालात आणि खोकल्याची उबळ आली. उबळ गेल्यावर पाणी प्यालात आणि झोपलात. मी उशाशी बसून राहिले, वाक्य पुरं कराल म्हणून. "ते आपलं" काय, हे आता मला कोण सांगणार?

माझ्या मनात तुम्हाला सांगायचं एक उत्तर तयार होतं, तेही तसंच राहिलं. क्षमा सोपी असते असं शास्त्र म्हणत नाही, एवढं मलाही मिशनच्या शाळेत शिकवलं होतं. पण ज्याला लागलं त्याने क्षमा केली की जिने मलमपट्टी केली तिचीही आपोआप होते, असंही कुठे लिहिलेलं मला आढळलं नाही. हे मी तुमच्या तोंडावर म्हणणार होते. तुम्ही नक्की म्हणाला असतात, "हे पाळकसाहेबांना विचारू." आणि आपण दोघेही हसलो असतो.

काल दुपारी बाळकू आला.

मातीच्या दिवशी तो कुठे दिसला नव्हता. त्याचे केस पार पिकलेत. ओट्याच्या खालीच उभा राहिला, वर आला नाही. मी दारात होते.

"वैनी," तो म्हणाला, "मी मातीला वर आलो नव्हतो त्या दिशी. मनात आलं, तुमाला माजं तोंड बघायला नको असंल."

मी उंबरा ओलांडला नाही.

"मेस्त्रींनी मला त्याच साली सोडलं," तो म्हणाला. "पन तुमी नाय सोडलंत, ह्ये मला ठावं हाय. मी दारात आलो की तुमी आत जायच्या. मी मेस्त्रींना इचारलं होतं, वैनींची माफी मागू काय? तर ते म्हनले, आत्ता नको मागू."

"असं म्हणाले?" माझ्या तोंडून निघालं.

"हां. म्हनले, तू मागितलीस तर ती माज्याकडं बघून देईल, आन मग ती खरी व्हनार नाय. म्हनले, माफीची घाई मी केली एकदा, तिला न इचारता. तू करू नको. तिचा डोळाच गेलाय ह्याच्यात, माज्यापरास जास्त. तिला लागंल तेवडा टाइम लागू दे."

अहो, मी चौकट धरून उभी राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं की तुम्ही दोघे एका बाजूला आणि मी एकटी दुसऱ्या बाजूला. तुम्ही माझी बाजू त्याच्यापाशी सांगत होतात आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला का नाही सांगितलंत? सांगितलं असतंत तर तेही मला दडपण वाटलं असतं, म्हणून? तुम्ही मला एवढं ओळखत होतात?

बाळकूने डोक्यावरची टोपी काढली. "आता मेस्त्री नायत. आता तुमी कुनाकडं बघून बोलायचं नाय. म्हनून आलो. वैनी, माजं चुकलं. तुमचं मी वाटोळं केलं."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. एवढ्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. म्हातारा माणूस, हाताच्या शिरा वर आलेल्या. तुमचा खोकला आठवला, साराचं रडणं आठवलं, पावसात पायवाटेवर तुमचं ते आडवं बसणं आठवलं, जे मी पाहिलेलंही नाही. तोंडावर गोड बोलून त्याची बोळवण करणं सोपं होतं. पण माझ्या ज्या क्षमेची तुम्ही एवढी राखण केलीत ती मी खोट्याने कशी देऊ?

"बाळकू," मी म्हणाले, "मी खोटं बोलणार नाही. अजून जमत नाही मला."

"बरं," तो म्हणाला. टोपी घातली आणि वळला.

"थांब," मी म्हणाले. "जमत नाही म्हटलं. जा म्हटलं नाही. वर येऊन बस."

तो ओट्याच्या कडेला बसला. मी चहा ठेवला. दोघांनी चहा घेतला. समोरून घाटातली एक गाडी उतरत होती, ती फाटक ओलांडून जाईपर्यंत आम्ही तिकडेच पाहत होतो. मग तो म्हणाला, "तुमी वर जाल तवा मला सांगा. मी येतो संगती. मला जागा दावा."

मी म्हणाले, "रविवारी जाणार आहे."

तेव्हा ऐका. रविवारच्या पहिल्या गाडीने आम्ही दोघं वर येतोय. मी त्याला तुमची जागा दाखवीन. माती अजून बसलेली नसेल, कडेला दगड लावावे लागतील, ते तो लावेल. मी पाणी शिंपडीन. मग बहुधा आम्ही दोघं जरा वेळ उभे राहू. क्षमा झाली की नाही, हे मला त्या दिवशी विचारू नका. येतोय, एकाच गाडीने, एकाच बाकावर बसून. एवढं मात्र खरं आहे.

तुमची,
रूथ